मागचं एक चाक धरायचं, दुसरं नाही

हँडब्रेक ओढला की माझ्या जुन्या गाडीचं मागचं डावं चाक घट्ट धरायचं, उजवं मात्र हाताने फिरायचं. पावसात ब्रेक दाबला की डावं आधी लॉक व्हायचं, आणि त्याची मला खरोखर भीती वाटायची.

पहिला संशय व्हील सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या भागावर. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी भांड्यासारखी झाकणं, काढले. जुन्या शूमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या भागांमध्ये, फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ फुंकली नाही, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसली. सिलिंडरची रबरी टोपी उचलली तर आत कोरडं, म्हणजे गळती नाही. शूवर तेल नाही, केबलही मोकळी.

मग दोन्ही ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या जवळ ठेवणारे दातेरी चक्रीचे स्क्रू, काढून शेजारी ठेवले आणि उलगडा झाला. या गाडीत एका बाजूला उजवे आटे (नेहमीच्या स्क्रूसारखे) लागतात, दुसऱ्या बाजूला डावे (उलट्या दिशेचे). आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी दोन्हीकडे एकसारखेच बसवले होते! उजवीकडची चक्री प्रत्येक वेळी फिरून ॲडजस्टर लांब करण्याऐवजी आखूड करत होती. शू झिजत नव्हते, ड्रमपासून दूर जात होते.

योग्य ॲडजस्टर आणला, आटे साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावलं. पुढचा क्रम महत्त्वाचा: आधी हँडब्रेकची केबल ढिली, मग ड्रम हलकासा घासेपर्यंत शू बाहेर, मग चक्री थोडी मागे. पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर आणले आणि केबल शेवटी ताणली. केबल आधी ताणली असती, तर खरा दोष झाकलाच गेला असता.

मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात तपासलं. आता दोन्ही चाकं एकदम धरतात.