बिटरेट रात्री ठरवा: नेटवर्क कॅमेरे बसवण्याआधीची तयारी

हार्डडिस्क किती टेराबाइटची घ्यायची, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. माझ्या यादीत त्याचा नंबर जवळजवळ शेवटी येतो. आधी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी कागदावर एक ओळ लिहा: या चित्रातून मला नेमकं काय कळायला हवं? कोणीतरी आलं एवढं कळलं तरी चालेल, की अनोळखी माणसाची ओळख पटायला हवी? आयईसी ६२६७६-४ या पाळत-कॅमेऱ्यांच्या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत याचं माप होतं, ते आधाराला घ्या. माणूस आहे एवढं कळायला दर मीटरला २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असेल तर २५० च्या हिशेबाने साडेसात मीटरच्या आसपास जागा हाती लागते. अख्खं पार्किंग एका कॅमेऱ्यात आणि शिवाय प्रत्येकाचा चेहरा, हे जमत नाही. मुळात जे पिक्सेल टिपलेच नाहीत ते कुठलाही कोडेक (चित्र दाबून लहान करायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत) आणून देणार नाही.

आता टिपलेल्यातलं किती टिकतं ते बघू. १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम, असं चित्र जराही न दाबता पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. केबलवरून प्रत्यक्षात येतात साधारण ४; हाच बिटरेट. हे जमतं कारण कॅमेरा प्रत्येक वेळी पूर्ण चित्र पाठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम जाते, तिला आय-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त ‘आधीपेक्षा काय बदललं’ एवढंच असतं. भिंत तशीच आहे, हे सांगायला फार बिट लागत नाहीत. तेवढ्यानेही भागलं नाही की बारीक तपशील टाकून दिला जातो, आणि तो परत मिळत नाही.

कोडेक निवडताना एच.२६४ (२००३) की एच.२६५ (२०१३), एवढाच खरा प्रश्न उरतो. एमजेपीईजी हा आणखी एक कोडेक प्रत्येक फ्रेम स्वतंत्र फोटोसारखी दाबतो, त्यामुळे जागा फार खातो. आठ-दहा कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. कोडेक चित्राचे ठोकळे पाडून काम करतो; एच.२६५ चे ठोकळे ६४ बाय ६४ पिक्सेलपर्यंत जातात, एच.२६४ चे १६ बाय १६, त्यामुळे मोठ्या रिझोल्यूशनच्या, सपाट भागांच्या चित्रात त्याची बचत चांगली दिसते. पण ते उलगडायला ताकद लागते. ऑर्डर देण्याआधी रेकॉर्डर एकाच वेळी किती चॅनेल (म्हणजे किती कॅमेऱ्यांची चित्रं) एच.२६५ मध्ये दाखवू शकतो ते माहितीपत्रकात बघा, आणि ज्या कॉम्प्युटरवर रोज बघणार त्यावर ते चित्र ब्राउझरमध्ये उघडतं का, तेही तपासा. कॅमेरा एका कंपनीचा आणि रेकॉर्डर दुसऱ्याचा असेल, तर एच.२६५ साठी दोन्हींकडे ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेलं मानक) प्रोफाइल टी आहे का ते विचारा. प्रोफाइल एस एच.२६५ ची हमी देत नाही.

दोन आय-फ्रेममधलं अंतर सुरुवातीला एक ते दोन सेकंद ठेवा. हे अंतर ताणलं की जागा वाचते, पण वाटेत एखादं पॅकेट हरवलं तर पुढची आय-फ्रेम येईपर्यंत चित्र फासल्यासारखं राहतं. (खराब क्रिंपिंगचा, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर नीट न दाबल्याचा, दोष कॉम्प्रेशनवर जातो तो इथेच. चित्र वारंवार फासलं तर आधी केबलचं टोक बदलून बघा.) कंपन्यांचे ‘स्मार्ट’ कोडेक हेच अंतर आपणहून लांबवतात आणि स्थिर भागाचे बिट कापतात. रिकाम्या जिन्यावर उत्तम. वाहत्या रस्त्यावर फारसं काही वाचत नाही. चाचणी होईपर्यंत तो पर्याय बंदच असू द्या.

चाचणी रात्री करायची. एका गोदामाच्या कामात मी भर दुपारी बिटरेटची मर्यादा २ मेगाबिटवर लावून मोकळा झालो होतो. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. रात्रीचं रेकॉर्डिंग उघडलं तेव्हा भिंतीवर मुंग्यांसारखे दाणे धावत होते, इन्फ्रारेड दिव्यासमोर कोळ्याचं जाळं झुलत होतं, आणि समोरून गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी मेणाचा गुळगुळीत गोळा होता. शर्टाची कड मात्र दिसत होती! कारण साधं आहे. अंधारात कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे मिळालेला क्षीण सिग्नल फुगवतो, त्याने दाणे उठतात, आणि हे दाणे प्रत्येक फ्रेमला नवे असतात. एन्कोडरला (कॅमेऱ्यातल्या चित्र दाबणाऱ्या भागाला) वाटतं, सगळंच हलतंय. मर्यादेतले बिट भिंतीवरच्या दाण्यांवर उधळले जातात आणि चेहऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. नॉइज रिडक्शन वाढवलं तर भिंत शांत होते, पण चालणाऱ्या माणसामागे भुतासारखी सावली ओढली जाते. अशा वेळी बिटरेट वाढवण्याआधी मी एक दिवा वाढवतो. तो डिस्कपेक्षा स्वस्त पडतो.

म्हणून सगळे दिवे नेहमीसारखे ठेवून एकाला नेहमीच्या चालीने कॅमेऱ्यासमोरून जायला सांगा आणि रेकॉर्डिंग फ्रेम थांबवून बघा. लाइव्ह चित्रावर जाऊ नका, आपला डोळा हलत्या चित्रातल्या चुका माफ करतो. चेहरा पटत नसेल तर मर्यादा वाढवा आणि पुन्हा चालायला लावा. बिटरेट व्हेरिएबल (चित्रानुसार कमी-जास्त होणारा) ठेवा, पण कमाल मर्यादा घालून; हिशेबाला तीच मर्यादा धरायची.

आता डिस्क. ४ मेगाबिट म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट, दिवसाला ४३ गिगाबाइट. आठ कॅमेरे, तीस दिवस: सुमारे १०.४ टेराबाइट. ४ टेराबाइटची डिस्क रेकॉर्डरला ३.६ च्या आसपास दिसते, तेव्हा काठोकाठ हिशेब करू नका. रेकॉर्डरची इनकमिंग बँडविड्थ (एकाच वेळी तो किती मेगाबिट आत घेऊ शकतो ते) सगळ्या कॅमेऱ्यांच्या मर्यादांच्या बेरजेपेक्षा जास्त हवी, आणि नेटवर्क स्विचपासून रेकॉर्डरकडे जाणारा पोर्टही तेवढं पेलणारा हवा. मोबाइलवर बघायला सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं कमी बिटरेटचं दुसरं चित्र) वेगळी लावा.

सगळ्या कॅमेऱ्यांचं आणि रेकॉर्डरचं घड्याळ एकाच टाइम सर्व्हरला जोडा. मग त्या रात्रीच्या चालीतली एक मिनिटाची क्लिप पेनड्राइव्हवर काढा. मूळ फॉरमॅटमध्येच काढा, पुन्हा एन्कोड केलेली नको, नाहीतर उरलेला तपशीलही जाईल. आणि ती क्लिप अशा कॉम्प्युटरवर चालवून बघा, ज्याने या रेकॉर्डरचं नावही ऐकलेलं नाही.