बहुदिव्यांग मुलाला आपल्या हाताने जेवता यावे म्हणून: आधी बैठक, मग ताट, मग चमचा

हात ताठ, नजर अधू, समजायला वेळ लागतो. असे दोन-तीन प्रश्न एकत्र असलेल्या मुलासाठी घरात सगळ्यात आधी येतो तो जाड मुठीचा चमचा. खरे तर तो शेवटी आणायचा. कंबर घसरत असेल तर मुलाचा सगळा जोर तोल सांभाळण्यातच जातो आणि हात तोंडापर्यंत पोचत नाही.

बैठक. कंबर खुर्चीला मागे टेकलेली, गुडघे काटकोनात, दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेले. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. सोलापुरी चादरीच्या दोन घट्ट गुंडाळ्या करून कमरेच्या दोन्ही बाजूंना खोचा. मऊ उशी दबते, ही जाड वीण सहसा दबत नाही. टेबल कोपराच्या उंचीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर हवे, म्हणजे कोपर टेकवून हात उचलता येतो. जमिनीवर बसवत असाल तर पाठीला भिंतीचा कोपरा आणि पुढे चौरंग. मान मागे पडू देऊ नका, घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

ताट. सपाट ताटात चमचा घास ढकलत नेतो आणि तो बाहेर सांडतो. तीनेक सेंटिमीटर उभ्या कडेचे ताट घ्या, म्हणजे घास कडेला अडून चमच्यात चढतो. नजर कमी असेल तर चकचकीत स्टील टाळा. दहीभाताला गडद निळे ताट, काळ्या मसाल्याच्या आमटीला पांढरे. ताट सरकू नये म्हणून खाली ओला करून पिळलेला टॉवेल किंवा ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबर शीट.

चमचा. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम दहा सेंटिमीटर कापून दांड्यावर बसवा. मूठ साधारण तीन सेंटिमीटर जाड झाली पाहिजे. सैल बसला तर चमचा आतल्या आत फिरतो आणि घास उलटतो, म्हणून दांड्याला आधी कापडी चिकटपट्टी गुंडाळा. धुताना फोम काढून पूर्ण वाळवा, ओला राहिला की बुरशी धरते. सायकलची रबरी मूठही चालते आणि धुवायला सोपी. मनगट वळत नसेल तर चमच्याची मान मुलाच्या तोंडाकडे थोडी वाकवा. मूठच मिटत नसेल तर तळव्याभोवती वेल्क्रोचा पट्टा, त्यात चमचा खोचायचा. जेवणानंतर पट्टा काढून कातडीवर लाल वळ राहिला का ते पाहा.

चमचा दाताखाली घट्ट धरणाऱ्या मुलाला धातूचा चमचा नको, जाड सिलिकॉनचा द्या. पातळ प्लास्टिकचा तर कधीच नाही, तो तुटतो. चावून धरल्यावर ओढू नका, जबडा सैल पडेपर्यंत थांबा.

शिकवताना मागे बसा, समोर नाही. हाताची दिशा त्याच्या हातासारखीच राहते. आधी चमचा हातात देऊन चाचपू द्या: ऐकू आणि दिसायला कमी असलेल्या मुलाला ‘आता जेवण’ हे असेच कळते. मग उलट्या टोकाकडून सुरुवात करा. हातावर हात धरून घास तोंडाजवळ न्या आणि शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरला आपला हात सोडा. तेवढे तीन-चार दिवस सलग जमले की थोडे अलीकडे, म्हणजे तोंडापासून जरा लांबच, हात सोडा. घास भरणे सगळ्यात अवघड, ते शेवटी. भूक असताना पहिले पाच-सहा घास त्याचे, उरलेले तुम्ही भरवा. थकलेला हात शिकत नाही.

काय वाढाल. चमच्यावर टिकेल असे घट्टसर: आमटीत कुस्करून पूर्ण भिजलेली ज्वारीची भाकरी, मऊ खिचडी. कडक भाकरीचे तुकडे आणि कोरडी शेंगाचटणी नको, कण घशात अडकतात. चटणी दह्यात कालवा. पाण्यासारखे पातळ पदार्थ गिळायला अनेकांना जास्त अवघड असतात. जेवताना खोकला, डोळ्यांत पाणी, घोगरा-ओला आवाज किंवा वारंवार छातीत कफ दिसला तर सराव थांबवून आधी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका.