जुन्या बीबीएस सॉफ्टवेअरच्या फायली नेटवर टाकायच्या असतील तर

फ्लॉपी, शेअरवेअरची सीडी किंवा बंद पडलेली हार्ड डिस्क, कुठूनही पीसीबोर्ड, रेनेगेड, मॅक्सिमस, वाइल्डकॅट असल्या बीबीएस (म्हणजे बुलेटिन बोर्ड, घरच्या कॉम्प्युटरवरून मोडेमने फोन लावून मेसेज आणि फायलींसाठी जोडायचं ते) सॉफ्टवेअरच्या झिप हाती लागल्या की पहिली खुमखुमी येते ती सगळं उघडून, नीट फोल्डर लावून, एक भलीमोठी नवीन झिप करून लिंक वाटायची. ते तेवढं करू नका. मूळ झिप जशी मिळाली तशीच द्यायची, एक बाइट इकडचा तिकडे नाही, आणि जी काय माहिती जोडायचीय ती झिपच्या बाहेर वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये.

कारण सांगतो. १९७८ साली वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी शिकागोत सीबीबीएस हे पहिलं बीबीएस चालू केलं तिथपासून पुढची पंधराएक वर्षं असल्या फायली फोन लाइनवरून एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर फिरत राहिल्या, आणि वाटेत बऱ्याच सिसऑप (बोर्ड चालवणाऱ्या) लोकांनी झिपमध्ये स्वतःच्या बोर्डाची जाहिरात घुसवली, झिप कमेंटमध्ये फोन नंबर टाकला, काहींनी तर एआरसी (झिपच्या आधीचा तसलाच प्रकार) उघडून परत झिप केली. त्यामुळे एकाच व्हर्जनच्या चार झिप सापडतात आणि चारही वेगळ्या असतात. डुप्लिकेट म्हणून उडवू नका! आतल्या फायली सारख्याच असल्या तरी कुठली झिप लेखकाने सोडलेल्या मूळ रूपाच्या जवळची आहे हे जाहिरात आहे की नाही, आतल्या तारखा काय आहेत, यावरूनच कळतं. तुम्ही रीपॅक केलंत की तो सगळा माग पुसला जातो, शिवाय हॅश (फायलीतल्या बाइटांवरून निघणारा ओळखीचा आकडा) बदलतो, मग दुसऱ्या कुणाकडे तीच फाइल आहे का हे पडताळायची सोयच राहत नाही.

तर सुरुवात अशी करा. सगळं एका फोल्डरमध्ये कॉपी करा, पण तारखा टिकतील अशा पद्धतीने (आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमला आर्काइव्ह मोड आहे, तो वापरा), फोल्डर रीड-ओन्ली करा आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढून एका यादीत ठेवा. सीडी असेल तर फायली वेगळ्या काढण्याआधी पूर्ण डिस्कची आयएसओ इमेज (एकाच फाइलमध्ये हुबेहूब प्रत) घ्या. एक गंमत म्हणजे लिनक्सवर जुनी सीडी माउंट केली की कॅपिटलमधली नावं बऱ्याचदा लहान अक्षरात दिसतात, त्यामुळे डिस्क तीच पण दोघांच्या याद्या वेगळ्या. काय ते एकदा ठरवा आणि तेच ठेवा, कारण लिनक्स सर्व्हरला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो आणि अर्ध्या लिंका तिथेच मरतात.

आत काय आहे ते बघायला वेगळी कॉपी घ्या. झिप, एआरजे, एलझेडएच सेव्हन-झिपमध्ये उघडतात, एआरसी आणि झू साठी अनआर्काइव्हर बरं पडतं. पीकेझिप या मूळ झिप प्रोग्रॅमच्या १.x व्हर्जननी केलेल्या झिपमध्ये श्रिंक किंवा इम्प्लोड ही दाबायची जुनी पद्धत असू शकते, आणि पायथनच्या झिप मॉड्यूलला इम्प्लोड येत नाही, तेव्हा स्क्रिप्टने एरर दिला म्हणून फाइल करप्ट आहे असं लगेच ठरवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे घाई नको. तुमच्याकडे आहे ते सॉफ्टवेअरचं वितरणाचं पॅकेज आहे, की कुणाच्या चालत्या बोर्डाचा बॅकअप आहे? बॅकअप असेल तर त्यात युजर फाइल असणार, म्हणजे खरी नावं, घरचे फोन नंबर, जन्मतारखा, आणि जुन्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डसुद्धा सरळ वाचता येतील असे. मेसेज बेसमध्ये लोकांची खाजगी पत्रं, कॉलर लॉगमध्ये कोण कधी आलं ते सगळं. हे नेटवर टाकायचं नाही, म्हणजे नाहीच. तीस वर्षं झाली असली तरी ती माणसं आहेत. असा बॅकअप आपल्याजवळ ठेवा आणि त्यातलं फक्त सॉफ्टवेअर बाहेर काढा, इथे रीपॅक करावंच लागतं, तेव्हा कुठून काढलं आणि काय वगळलं ते बाहेरच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. रजिस्ट्रेशनची की फाइलही तशीच, तिच्यात विकत घेणाऱ्याचं नाव असतं.

लायसन्स बघायला आतलं डॉक्युमेंटेशन वाचा. शेअरवेअरमध्ये (आधी वापरून बघा, ठेवायचं तर पैसे भरा असं सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा ‘पॅकेज पूर्ण आणि न बदलता वाटा’ अशी अट असते, म्हणजे परत तेच, हात लावू नका. सिंक्रोनेट आणि मॅक्सिमस ही बीबीएस सॉफ्टवेअर पुढे जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आली, ती बिनधास्त वाटा. बाकी विकत मिळणाऱ्या रजिस्टर्ड कॉप्या जुन्या झाल्या म्हणून फुकट होत नाहीत, मालक सापडला तर विचारा.

वर्णन लिहायचा कंटाळा येतो ना, तर झिपच्या आत फाइल_आयडी.डिझ नावाची फाइल शोधा. ४५ अक्षरं रुंद आणि १० ओळी, एवढ्यात लेखकाने स्वतःच वर्णन लिहून ठेवलेलं असतं, आणि बोर्डाचं सॉफ्टवेअर अपलोड झाल्यावर ते आपोआप उचलायचं. तुम्हीही स्क्रिप्टने तेच करा. फक्त ते सीपी-४३७ या डॉसच्या जुन्या अक्षरसंचात असतं, सरळ दाखवलं तर चौकटींच्या जागी कचरा दिसेल, म्हणून आयकॉन्व्ह या प्रोग्रॅमने आजच्या यूटीएफ-८ मध्ये बदलून पानावर दाखवा, मूळ झिप तशीच.

सर्व्हरचं फार अवघड नाही. एफटीपी विसरा, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये ते काढून टाकलं. साधं एचटीटीपीएस, एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ऑटोइंडेक्स (फोल्डरची आपोआप यादी) चालू, आणि सॉफ्टवेअरच्या नावाने फोल्डर, कारण आठ-अधिक-तीन अक्षरांच्या नावांमुळे दोन वेगळ्या गोष्टींचं नाव एकच निघतं. सुट्ट्या फायली ठेवणार असाल तर एक खोच लक्षात घ्या, डॉसच्या काळातली डॉक एक्स्टेन्शनची फाइल वर्डची नसते, साधा टेक्स्ट असतो, पण सर्व्हर तिला वर्ड म्हणून पाठवतो आणि बिचारा युजर डोकं खाजवत बसतो. तो माइम टाइप (सर्व्हर फाइलचा प्रकार सांगतो ते लेबल) बदला.

व्हायरसचं म्हणाल तर क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसने स्कॅन करा. पीकेलाइट, एलझेडएक्सई अशा टूल्सनी दाबलेल्या प्रोग्रॅमवर अँटीव्हायरस उगाच ओरडतात हे खरं, पण त्या काळात खरे डॉस व्हायरसही फिरत होतेच, त्यामुळे शंका आली ती फाइल बाजूला ठेवा, किंवा द्यायचीच तर ठळक सूचना लावून, आणि डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच चालवा असं सांगा.

मोठा साठा असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर चढवा, तिथे टॉरंट आपोआप बनतो आणि तुमच्या सर्व्हरचं बिल वाचतं. चढवण्याआधी तिथे आणि टेक्स्टफाइल्स डॉट कॉमच्या सीडी विभागात शोधून घ्या, असेल तर हॅश जुळवा, वेगळा निघाला तरच टाका.

हौस असेल तर सिंक्रोनेट बसवून त्याच फायली खऱ्या बीबीएसवरूनही देता येतात, लोक सिंकटर्म या बीबीएसला जोडायच्या प्रोग्रॅमने टेलनेट करून झेडमोडेम या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने उतरवतील. टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, तेव्हा डाउनलोडपुरतं गेस्ट लॉगिन ठेवा. आणि कुठल्याही मार्गाने द्या, पानावर एक ईमेल ठेवा, म्हणजे एखाद्या मूळ लेखकाने काढा म्हटलं तर ते तुमच्यापर्यंत पोचेल. कधीकधी तेच लोक हरवलेली व्हर्जनही पाठवतात.