फौजी खोगीर कसताना: घडी, तंग आणि घोड्याची पाठ

ब्रिटिश आणि हिंदी घोडदळाचं ‘युनिव्हर्सल पॅटर्न’ खोगीर, म्हणजे घोडेवाल्यांचं यूपी सॅडल, जुन्या सामानात अजून मिळतं. लांबच्या रपेटीला ते उत्तम आहे. पण नीट बसवलं नाही तर दोन तासांत घोड्याची पाठ लागते, म्हणजे खोगिराच्या दाबाने सोलून जखम होते, आणि लागलेली पाठ बरी व्हायला आठवडे जातात.

रचना साधी आहे. पुढे-मागे दोन पोलादी कमानी, त्यांना जोडलेल्या दोन लाकडी फळ्या, कमानींच्या मधे ताणलेली चामडी बैठक आणि फळ्यांखाली नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची जाड गादी. (इंग्रजी खोगीरवाले नमद्याला ‘नमना’ म्हणतात. शब्द इथूनच गेला, तिकडे जाऊन बिघडला.) 1902 च्या नमुन्यात फळ्या कमानींना पक्क्या असतात. 1912 च्या नमुन्यात त्या बिजागरीवर बसवल्या, त्यामुळे पाठीच्या उताराप्रमाणे थोड्या फिरतात. विकत घेताना चामड्याच्या चकाकीवर जाऊ नका. खोगीर उलटं करा, दोन्ही फळ्यांवर हात फिरवून चीर शोधा, मग कमानी धरून पिळून बघा. करकरलं किंवा एक बाजू दुसरीपेक्षा जास्त हलली, तर ते भिंतीवर टांगायला घ्या, घोड्यावर घालायला नको.

बसवण्यामागचा नियम एकच आहे: वजन फासळ्यांवरच्या मांसावर यायला हवं. कण्यावर नको, कमरेवर नको, आयाळ संपते त्या उंचवट्यावर, म्हणजे विदर्सवर तर नकोच. आणि पुढचा पाय टाकताना फरा, म्हणजे खांद्याचं पातं, मोकळा हलला पाहिजे. मोहिमेवर स्वार, हत्यारं, दाणा आणि खोगीर मिळून घोड्यावर सुमारे सव्वाशे किलो येत असे. एवढ्या ओझ्याखाली एक इंचाची चूकही चामडी सोलते.

पहिलं खरं काम कांबळ्याचं. नवशिके ते कशीही चौघडी करून टाकतात आणि मग खोगिराला दोष देतात. कांबळं लोकरीचं हवं, साडेपाच फूट लांब आणि चार फूट आठ इंच रुंद. लांबीचे तीन सारखे पट करा, म्हणजे 22 इंच रुंद आणि 56 इंच लांब पट्टी होते. तिचं एक टोक 24 इंच आत दुमडा. दुसऱ्या बाजूला आठ इंच उरतात, ते पहिल्या दुमडीच्या पटांमध्ये जो खिसा तयार होतो त्यात सारा. आता 24 बाय 22 इंचांची गादी तयार होते, आणि तिची एक कड जाड असते. ही जाड कड विदर्सकडे. खिशात सारलेलं टोक कुठे चुरगळलं नाही ना, ते हाताने चाचपून घ्या. सुरकुती म्हणजे उद्याचा फोड.

पाठीला आधी खरारा झालेला असावा. घोड्याच्या डाव्या बाजूने उभं राहून कांबळं हवं त्यापेक्षा थोडं पुढे ठेवा आणि मागे सरकवा, म्हणजे केस सपाट बसतात. जास्त मागे गेलं तर पुढे ढकलू नका. उचला आणि पुन्हा ठेवा. पुढे ढकललं की केस उलटे फिरतात, आणि वजन आल्यावर तेच टोचतात. कांबळ्याखाली आलेली आयाळ बाहेर काढा.

रिकिबी बैठकीवर टाकून खोगीर अलगद ठेवा, आपटू नका. त्याचा पुढचा भाग फऱ्याच्या हालचालीमागे चार बोटं यावा. मग कांबळं बोटांनी वर उचलून पुढच्या कमानीत भरा, म्हणजे कण्यावरून मागपर्यंत हवेचा बोगदा राहतो. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते, आणि विदर्स सुजण्याचं नेहमीचं कारणही हेच. तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, घोड्याच्या कोपरापासून चार इंच मागे. बहुतेक घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, म्हणून दोनदा कसा: आधी बेताचा, मग घोडा पाच-सात मिनिटं चालवून पुन्हा. पोट आणि तंग यांच्यात एक बोट शिरलं पाहिजे. शेवटी पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडी सुटते.

तपासणी स्वार बसवूनच करायची. रिकाम्या खोगिरावर सगळंच बरोबर दिसतं. स्वाराला पुढे वाकायला सांगा आणि कमानीखाली हात घाला. विदर्सवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हात मोकळा राहिला पाहिजे. मग कांबळ्याखालून फऱ्याच्या वरच्या टोकावर बोटं ठेवा आणि मदतनिसाला त्या बाजूचा पाय पूर्ण पुढे ओढायला सांगा. बोटं चिमटली तर फराही चिमटणार. शेवटी स्वाराला मागे रेलवून कमरेकडून बघा. फळ्यांची टोकं तिथे रुतत असतील तर खोगीर लांब पडतंय किंवा चुकून मागे बसलंय.

हे एकदा जमलं म्हणून कायमचं जमलं असं नाही. मोहिमेवर घोडा वाळतो, पाठीचं मांस कमी होतं, आणि काल बरोबर असलेली कमान आज रुंद पडून विदर्सवर टेकते. उपाय म्हणजे फळ्यांखाली नमद्याच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या. विदर्सवर चिंधी कोंबणं हा उपाय नव्हे. मराठीत खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भरणासाठी वापरतात, तो इथे शब्दशः लागू पडतो: कोंबलेली प्रत्येक चिंधी दाब वाढवते, कमी करत नाही.

तासाभराने थांबा, उतरा, तंग सैल करा, थोडं अंतर घोडा हाताने चालवा. मुक्कामी पोचल्यावर खोगीर लगेच काढू नका. तंग सैल करून पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. दाबलेल्या कातडीत रक्त एकदम परतलं की सूज येते.

खोगीर उतरवल्यावर घामाचा नकाशा वाचा. फळ्यांच्या जागी दोन्हीकडे सारखा ओलावा असेल तर ठीक. मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब अजिबात नव्हता किंवा खूपच होता. बोटाने दाबा. घोडा अंग चोरतो, जागा गरम लागते, तर दाब जास्त होता. तिथले केस पुढे पांढरे उगवतात. जुन्या घोड्यांच्या पाठीवरचे पांढरे ठिपके बहुतेक वेळा याच चुकीचे असतात, म्हणून घोडा खरेदी करतानाही पाठ आधी बघावी.

लागलेल्या जागेवर गादी ठेवू नये. नमद्याला त्या जागेपुरती पोकळी कापा, जखमेपेक्षा चहूबाजूंनी बोटभर मोठी, आणि वजन आजूबाजूच्या धड मांसावर जाऊ द्या. कातडी फाटली असेल तर पोकळीही चालणार नाही. खोगीर उतरवून ठेवा, घोडा हाताने चालवा. मराठ्यांच्या फौजेत बारगिराचा घोडा सरकारी आणि शिलेदाराचा स्वतःचा. ब्रिटिशांच्या हिंदी घोडदळातही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. तेव्हा पाठ लागली तर फटका स्वाराच्याच खिशाला.

कांबळं रोज उन्हात पसरून, वाळल्यावर झटकून घ्या. सुकलेल्या घामाचं मीठ घासकागदासारखं लागतं. चामडं मात्र उन्हात नाही, सावलीतच वाळवायचं. ओल्या फडक्याने घाम पुसा, खोगिराचा साबण लावा आणि तंगाच्या शिवणी रोज तपासा. दोरा बहुधा आधी बकलापाशी तुटतो.