फ्रँकफर्ट ते लंडन : पावणेदोन तासांच्या प्रवासाचा खरा हिशेब

फ्रँकफर्टला नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून गणपती किंवा दिवाळीच्या सुमारास हमखास येणारा प्रश्न म्हणजे, लंडनच्या नातेवाइकांकडे शनिवार-रविवारी जाऊन येणे जमेल का. दोन्ही शहरांमधील हवाई अंतर सुमारे ६४० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षा किंचित कमीच आहे. त्यामुळे हा प्रवास सहज जमेल असे वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि, तिकीट काढण्यापूर्वी व्हिसाचा विचार करावा. जर्मनीचा निवास परवाना ब्रिटनमध्ये प्रवेश देत नाही. ब्रिटन युरोपीय संघात असतानाही शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नव्हते, त्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला तेथील स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी काही आठवडे हाताशी ठेवावे लागतात.

तिकिटावरील वेळा वाचताना नवख्यांची गफलत होते. सकाळी आठला निघालेले विमान लंडनला आठ चाळीसला पोहोचल्याचे दिसते, कारण लंडनचे घड्याळ जर्मनीच्या एक तास मागे असते. दोन्ही देश उन्हाळी वेळ एकाच क्षणी बदलत असल्याने हा फरक वर्षभर कायम राहतो. प्रत्यक्ष प्रवास साधारण एक तास चाळीस मिनिटांचा, आणि त्यातही विमान धावपट्टीपर्यंत जाण्याचा व उतरल्यावर जागेवर लागण्याचा वेळ धरलेला असतो. याउलट, परतीच्या तिकिटावर हाच प्रवास अडीच तासांहून अधिक भासतो.

घरापासून विमानतळ, तेथे दोन तास आधी पोहोचणे, लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील पारपत्र तपासणीची रांग आणि पुढे एलिझाबेथ लाइन या रेल्वेने शहरात जाणे, हे सगळे मिळवले की एकूण वेळ साडेपाच-सहा तासांवर जातो. ब्रुसेल्समार्गे आगगाडीने, म्हणजे आधी आयसीई ही जर्मनीची वेगवान गाडी आणि नंतर समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार, त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. तिकीट लवकर काढले तर मी स्वतः आगगाडीच पसंत करतो. मात्र ब्रुसेल्सला गाडी बदलण्यास आणि तेथील पारपत्र तपासणीस मिळून किमान दीड तास ठेवावा.

स्वस्त तिकीट दिसले की विमानतळाचे नाव पूर्ण वाचावे. ‘फ्रँकफर्ट-हान’ हा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर दूर, वेगळ्याच राज्यात आहे. पहिल्या वर्षी हे न वाचता मी तिकीट काढले, आणि वाचवलेल्या पैशांपैकी बरेचसे पहाटेच्या बसवर व आदल्या रात्रीच्या खोलीवर गेले. लंडनच्या बाजूला स्टॅनस्टेड आणि ल्यूटन हेदेखील शहराबाहेरच आहेत.

परतीसाठी रविवारचे शेवटचे विमान शक्यतो टाळावे. फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणांना बंदी असल्याने, लंडनहून फार उशीर झाला तर विमान रद्द होऊ शकते, आणि सोमवारी सकाळी कार्यालयात ते समजावून सांगणे नव्या नोकरीत अवघड जाते.

येताना मावशींनी दिलेले पेढे किंवा साजूक तूप सामानात ठेवू नये. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. चकली आणि चिवडा निर्धास्त आणावा.