वायर काढली, अलार्म आला, तरीही चूक तशीच राहिली

कोल्हापुरात डिप्लोमा किंवा आयटीआय पूर्ण करून शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) कामाला लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. लॅडर, म्हणजे पीएलसीचा शिडीसारखा दिसणारा प्रोग्राम, कसा वाचायचा, इनपुट आणि आउटपुट कार्डे रॅकवर कशी बसतात आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांना पत्ते कसे मिळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. डिजिटल, म्हणजे फक्त चालू किंवा बंद ओळखणाऱ्या, कार्डांत तुम्ही चुकाल, पण ती चूक बहुधा लगेच दिसेल. पीएनपी सेन्सरच्या जागी उलट जोडणीचा एनपीएन आला तर इनपुटचा दिवा लागतच नाही, मीटरवर चोवीस व्होल्ट सापडत नाहीत आणि अर्ध्या तासात कारण कळते. ॲनालॉग, म्हणजे दाबासारखे कमीजास्त होणारे मोजमाप घेणाऱ्या, कार्डाचे तसे नाही. तिथे आकडा येतो, हलतो, खरा वाटतो आणि तरीही खोटा असू शकतो.

माझे पहिले स्वतंत्र काम एका फाउंड्रीत होते. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब पीएलसीत घ्यायचा आणि तो १.५ बारच्या खाली गेला की अलार्म देऊन फर्नेसचा पुरवठा तोडायचा, एवढेच ते काम. कॉइल तांब्याच्या नळीची असते आणि तिच्या आतून पाणी फिरत असते. ते पाणी थांबले तर कॉइल जळते, आणि फुटलेल्या कॉइलमधले पाणी वितळलेल्या लोखंडापर्यंत पोहोचले तर स्फोट होतो. हे मला माहीत होते, आणि माहीत असूनही मी चुकलो.

दाबाचा ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून तो विद्युतप्रवाहाच्या रूपात कळवणारे उपकरण, दोन वायरचा होता: शून्य बारला ४ मिलिअँपिअर आणि १० बारला २० मिलिअँपिअर. वेळ वाचवण्यासाठी मी ऑफिसमधल्या एका जुन्या प्रोजेक्टची प्रत घेतली. त्या जुन्या कामातल्या कार्डावर ४ ते २० हा पर्यायच नव्हता, म्हणून ते करणाऱ्या इंजिनिअरने चॅनेलची रेंज ० ते २० ठेवली होती आणि प्रोग्राममध्ये स्केलिंगची, म्हणजे कार्डाने दिलेल्या आकड्याचे (काउंटचे) प्रत्यक्ष मापात रूपांतर करण्याची, खालची मर्यादा ५५३० घेतली होती. सीमेन्सच्या कार्डात पूर्ण रेंजला २७६४८ हा काउंट येतो आणि त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ४ मिलिअँपिअरचा काउंट, साधारण ५५३० होतो. त्यांचे काम अगदी बरोबर होते. मी मात्र हार्डवेअरची मांडणी त्यांची घेतली आणि स्केलिंगचा ब्लॉक नव्याने लिहिताना, शिकवणीत घोटून घेतल्याप्रमाणे, ० ते २७६४८ म्हणजे ० ते १० बार असे भरले. रेंज एका कामाची आणि स्केलिंग दुसऱ्या कामाचे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र आल्यावर चूक.

ही चूक नेमकी काय करते ते कागदावर मांडून पाहा, कारण नुसते वाचून ते मनात उतरत नाही. दाब १० बार असताना २० मिलिअँपिअर येतात आणि स्क्रीनवर १० दिसतात. तिथे सगळे जुळते. दाब ५ बार असताना १२ मिलिअँपिअर येतात, म्हणजे विसातले साठ टक्के, आणि स्क्रीनवर ६ दिसतात. दाब शून्य असताना ४ मिलिअँपिअर येतात आणि स्क्रीनवर २ दिसतात. चूक वरच्या टोकाला नाहीशी होते आणि खाली जावे तशी वाढत जाते. आपले संरक्षण मात्र नेमके खालच्या टोकाशी बांधलेले असते. स्क्रीनवरचा आकडा दोनच्या खाली उतरणारच नसेल, तर दीड बारचा अलार्म कधीही येणार नाही.

मी चाचणी केली नव्हती असे नाही. मी टर्मिनलवरून ट्रान्समीटरची वायर काढली, काउंट शून्य झाला, स्क्रीनवर ० बार दिसले, अलार्म वाजला आणि फर्नेसला जाणारे परवानगीचे आउटपुट बंद पडले. मी तपासणीच्या तक्त्यावर बरोबरची खूण केली. वायर काढल्यावर ० मिलिअँपिअर होतात, पाणी गेल्यावर ४ राहतात. मी तुटलेल्या वायरची चाचणी केली होती, गेलेल्या पाण्याची केलीच नव्हती, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही.

याआधी दोन दिवस फर्नेसवरच्या मामांनी मला सांगितले होते की खालच्या गेजवर चार दिसते आणि स्क्रीनवर पाचाच्या वर. गेज जुने झाले असेल असे उत्तर देऊन मी विषय संपवला होता. मग भट्टी रिकामी आणि थंड असताना पंपाची चाचणी निघाली. पंप बंद केला, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह मिटलेला होता. मामा गेजपाशी उभे होते, तिथून त्यांनी हाक मारली, "साहेब, काटा शून्यावर आलाय. तुमच्या पडद्यावर दोन कशाचं दावतंय?" मी पॅनेलसमोर उभा होतो. स्क्रीनवर २.० हा आकडा स्थिर होता आणि अलार्मची पट्टी हिरवी होती. फर्नेसच्या स्वतःच्या सर्किटमध्ये वेगळा प्रेशर स्विच थेट वायरिंगने जोडलेला होता, त्यामुळे भट्टी चालू असती तरी ती बहुधा बंद पडली असती. पण तो स्विच मी बसवला नव्हता, आणि मी बसवलेले संरक्षण मुळात संरक्षणच नव्हते.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. आमच्या कार्डावर पर्याय असल्याने चॅनेलची रेंज ४ ते २० केली आणि स्केलिंग होते तसेच ठेवले. मात्र इथेही एक गोष्ट लक्षात घ्या. ४ ते २० या रेंजमध्ये अनेक कार्डे वायर तुटल्यावर ३२७६७ हा आकडा देतात. तो तसाच स्केलिंगला गेला तर पाणी आहे की नाही याचा पत्ता नसताना स्क्रीनवर जवळजवळ १२ बार दिसतील. म्हणून वायर तुटल्याचे निदान चॅनेलच्या सेटिंगमध्ये चालू करा आणि काउंट वैध मर्यादेबाहेर गेला की दाब नाहीच असे धरून प्रोग्राम लिहा. नामूर या प्रक्रिया उद्योगांतल्या ऑटोमेशन वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीनुसार मोजमापाचा संकेत ३.८ ते २०.५ मिलिअँपिअरमध्ये असतो, आणि ३.६ किंवा त्याखाली, तसेच २१ किंवा त्यावर गेलेला संकेत बिघाडाचा मानला जातो. त्या मर्यादा वापरा.

जुना प्रोजेक्ट कॉपी करण्याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे: पहिली दोन वर्षे करू नका. पुढे करा, पण प्रत्येक चॅनेल उघडून, त्याची रेंज हाताने कागदावर लिहून. महिन्याभराच्या कोर्सचे प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, परंतु सिम्युलेटरमध्ये काउंट थेट टाइप करता येतो आणि त्यामुळे मिलिअँपिअर नावाची गोष्ट मुलांच्या हाताला लागतच नाही. मी उद्यमनगरात ज्या काकांकडे पॅनेलचे वायरिंग शिकलो, त्यांना सॉफ्टवेअर उघडताही येत नव्हते. पण लूपमध्ये, म्हणजे संकेताचा प्रवाह फिरतो त्या सर्किटमध्ये, मीटर लावल्याशिवाय ते कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवत नसत. गुरू निवडायचा असेल तर लॅपटॉपवर वेगाने बोटे चालवणारा निवडू नका, तुमच्या हातात मीटर देऊन बाजूला उभा राहणारा निवडा.

अशी चूक तुमच्याकडून झाली तर घाबरून ती लपवू नका. ज्यांच्या हाताखाली मी होतो, त्यांना मी त्याच संध्याकाळी सगळे सांगितले. ते चिडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुढचे काम दिले. या क्षेत्रात कार्डाची रेंज चुकणे मोठ्या इंजिनिअरांच्या हातूनही घडते. ती चूक घेऊन प्लांट चालू करणे मात्र अक्षम्य आहे, आणि तिथे तुमचे वय किंवा अनुभव ऐकून कोणी सूट देणार नाही.

आता प्रत्येक ॲनालॉग चॅनेलला मी लूप कॅलिब्रेटरने, म्हणजे हवा तेवढा प्रवाह देणाऱ्या उपकरणाने, ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर देतो आणि रेंज ४ ते २० असेल तर ०, ६९१२, १३८२४, २०७३६ आणि २७६४८ हे काउंट येतात का ते पाहतो. एका टोकाची तपासणी मी तपासणी मानत नाही. त्यानंतर खरा पंप बंद करायला लावतो आणि गेजपाशी त्या जागेवर रोज काम करणारा माणूस उभा करतो. माझ्या तक्त्यात गेजवरच्या आकड्याचा एक वेगळा रकाना आहे. तो मी भरत नाही. तो ऑपरेटर भरतो आणि त्याखाली त्याचीच सही असते.