गोल्डफिश तळाशी बसून राहिला तेव्हा

गोल्डफिश तळाशी बसून होता. पर अंगाला चिकटलेले, कल्ले मात्र भराभर हलत होते. पांढरे ठिपके नाहीत, खवले फुललेले नाहीत, म्हणजे आजाराच्या नेहमीच्या खुणा नाहीत. अशा वेळी औषधाआधी पाणी तपासायचं टेस्ट किट काढावं, या मताचा मी. पाण्यात अमोनिया १ पीपीएम (दहा लाख भागांत एक) निघाला. तो शून्यच हवा. त्यात पीएच ८ च्या वर, म्हणजे अमोनिया आणखी विषारी.

फिल्टरमागे मेलेली गोगलगाय सडत होती. वास तर विचारूच नका! ती काढली, निम्मं पाणी बदललं (क्लोरीन काढलेलं, तापमान तेवढंच), खाणं बंद, एअर पंप चालू. फिल्टरच्या स्पंजला हात लावला नाही, अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच असतात. रोज मोजून थोडं थोडं पाणी बदलत राहिलो. अमोनिया उतरला तसा पठ्ठ्या काचेपाशी येऊन खाणं मागू लागला. नायट्राइट (जिवाणू अमोनिया पचवताना तयार होतो, तोही विषारीच) अजून तपासतोय.